निघालं की वाटेत पडलं

आमच्या धंद्यात कुणी तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो. निघालं होतं का? म्हणजे जे पाठवलं म्हणून सांगताय ते तुमच्या यंत्रातून खरंच बाहेर पडलं होतं का. पडलं असेल तर मग ते वाटेत कुठे गळालं ते शोधायचं. निघालंच नसेल तर वाट तपासत बसण्यात काही अर्थ नाही. ऐकायला साधी गोष्ट आहे, पण माणसांना हा प्रश्न झोंबतो. मी काय खोटं बोलतो का, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. दवाखान्यात लोक मला तिरसट म्हणतात ते बहुधा यामुळेच. म्हणू देत. उगाच गोड बोलून लाइन सुरू होत नाही.

गडचिरोलीच्या जंगलातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नेटवर्कचं काम पाहतो. मी मूळचा ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या पट्ट्यातला. इथे आलो तो एका ठेकेदाराचा माणूस म्हणून, राऊटर बसवून परत जाईन म्हणून, आणि मग राहूनच गेलो. दवाखाना मोठा नाही. एक महिलांचा वॉर्ड, एक पुरुषांचा, ऑपरेशनची खोली, नातेवाइकांना रांधायला-झोपायला पडव्या. शिवाय आणखी आत, जंगलात, आमची छोटी उपकेंद्रं आहेत. तिथे एखादी नर्स असते, एक खाट आणि डॉक्टरांशी बोलायला एक स्क्रीन. या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन मात्र एकच. तालुक्याच्या टॉवरवरून हवेतून येणारी. कोरड्या दिवसात ती बरी चालते. जोराचा पाऊस लागला की तीही अंग चोरते.

अशा अरुंद लाइनीवर सगळ्यांना एकाच वेळी जायचं असतं. डॉक्टरांचं बोलणं, एक्स-रेचे फोटो, ऑफिसचे हिशेब, पडवीत बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या लग्नाच्या शूटिंगी, सगळ्यांचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते राऊटरच्या तोंडाशी येऊन रांगेत उभे राहतात. नियम लावला नाही तर जो आधी आला तो आधी जातो. मग कुणाच्या तरी मेव्हणीचा नाच पुढे आणि नर्सचा "मॅडम, रक्त थांबत नाही" मागे, असंही होऊ शकतं. तसं होऊ नये म्हणून रांगा वेगळ्या करायच्या, कुणाला आधी सोडायचं, कुणाला किती हिस्सा द्यायचा ते ठरवायचं. माझं काम म्हणजे एवढंच.

हे मी एकट्याने ठरवलं नव्हतं. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम भाताचं ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांच्या समोर कागद न घेता बोटावर बोलत होतो. पहिली रांग उपकेंद्रांशी चालणाऱ्या बोलण्याची. ते तुकडे आले की बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. दुसरी तपासण्यांचे रिपोर्ट आणि फोटोंची, त्यांचा हिस्सा राखीव. मग ऑफिस. आणि सगळ्यात शेवटी पडव्यांमधला, वॉर्डांमधला वायफाय. त्या वर्गाला राऊटरमध्ये इंग्रजी नाव आहे. मी त्याला उरलंसुरलं म्हणायचो. मॅडमनी एकदाच विचारलं की नातेवाइकांचं अगदीच बंद पडणार नाही ना. मी म्हटलं, बंद नाही पडणार, हळू होईल. त्यांनी मान हलवली आणि डाळ वाढून घेतली.

शेवटच्या रांगेसाठी आणखी एक नियम असतो. रांग पूर्ण भरायची वाट पाहायची नाही. भरत आली की तिच्यातले थोडे तुकडे अधूनमधून उचलायचे आणि टाकून द्यायचे. कुणाचे ते पाहायचं नाही. ज्याचा तुकडा पडतो त्याच्या यंत्राला कळतं की पुढे गर्दी आहे, ते आपला वेग कमी करतं. हे केलं नाही तर रांग गच्च भरते, सगळ्यांचे तुकडे एकदम पडतात, सगळे एकदम मागे सरतात आणि थोड्या वेळाने सगळे एकदम पुन्हा अंगावर येतात. माझे वडील गावच्या तलावाचं पाणी असंच सोडायचे, पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, धोका व्हायच्या आधी, थोडं थोडं. त्यामुळे हा नियम मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. थोड्यांचं थोडं पाडायचं म्हणजे सगळ्यांचं सगळं पडत नाही. मला तो फार शहाणपणाचा वाटायचा.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक समजूत आहे, तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही इतकी ती पक्की आहे. आवाज आधी, चित्र नंतर. मोबाइलवरचा व्हिडिओ कॉलसुद्धा तसाच घडवलेला असतो. लाइन अरुंद झाली की तो आधी चित्र सोडून देतो आणि आवाज वाचवतो. ज्यांनी हे बनवलं त्यांचा हिशेब सरळ आहे. तोंड नाही दिसलं तरी चालेल, बोलणं कळलं म्हणजे झालं.

माझा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा आहे.

आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमचं घर तलावाच्या पाळीपासून हाकेच्या अंतरावर, असं मी म्हणणार होतो, पण भावाला हाक कुठली ऐकू जायची. पण गंमत अशी की आमच्या घरात त्याचं बहिरेपण फारसं कुणाला नडलं नाही. तलावावर मासे धरताना कुणी ओरडत नाही. मरळ बिचकते, आणि तसंही डोंग्यातून पाळीपर्यंत वाऱ्यात शब्द पोचत नाहीत. आमच्याकडे सगळेच हातांनी बोलायचे. जाळं कुठे फेकायचं, पाणी किती आहे, पलीकडच्या टोळीला काय सापडलं, सगळं हातावर. भाऊ त्यातच वाढला. गावातली बाकीची माणसं पाळीवरून उतरली की तोंडाने बोलायला लागायची, आई मात्र त्याच्याशी घरातही हातांनीच बोलत राहिली. तलावाच्या खुणा कमी पडल्या तेव्हा तिने नव्या काढल्या. मीठ, ताप, मामा, लाज, शाळा, रोवणी. भावाच्या कपाळावर लहानपणची खोक आहे, आपल्या कपाळावर त्या जागी बोट ठेवलं की ते त्याचं नाव. तळहात पुस्तकासारखा उघडला की माझं.

त्या दोघांच्या बोलण्यात मी कायम परका. मला येत होतं, पण कामापुरतं, बाजारातल्या तेलगूसारखं. ते दोघं भांडायला लागले की मला अर्धं कळायचं नाही. एकदा मी तक्रार केली की तुम्ही फार भरभर बोलता, तर आई म्हणाली, "तू पुस्तकं वाच, बाबू. हात वाचाचं त्याच्यावर सोड."

तिची एक खूण मात्र मला पक्की येत होती. रोज दुपार कलली की ती पाळीवर यायची आणि डोंग्याकडे तोंड करून ती खूण करायची. फेकायच्या जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला बांधलेली असते. म्हणून आधी उजवा हात डाव्या मनगटाभोवती फिरवायचा, दोरी गुंडाळल्यासारखा. म्हणजे जाळं आवर. मग दोनातलं एक. डावा हात पुढे लोटला तर, इथे नाही, पलीकडच्या कोपऱ्यात जा. डावा हात छातीशी नेला तर, पुरे झालं, घरी ये. वडील आणि भाऊ डोंग्यात हातातलं काम थांबवून त्या दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहायचे. मी पाळीवर तिच्या शेजारी उभा असायचो, मला आधी कळायचं, आणि त्याचा मला कोण अभिमान.

वडील गेल्यावर भाऊ भद्रावतीला एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागला. लोखंडी दारं, खिडक्यांच्या जाळ्या, शेड. तिथल्या कर्कश आवाजात बाकीच्यांचे कान किटायचे आणि हा शांत. मालक त्याच्यावर खूश होता. पण पहिली काही वर्षं भाऊ आणि आई एकमेकांशी बोलतच नव्हते म्हणा ना. साधा फोन त्याच्या काय कामाचा? मी मधे बसून निरोप द्यायचो. त्याला लिहिता येत होतं, पण आईला वाचता येत नव्हतं. मग व्हिडिओवाले मोबाइल आले आणि पुन्हा दोघांची गाडी सुरू झाली. रोज संध्याकाळी आई मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायची आणि दोन्ही हात मोकळे करून बसायची. शेजारच्या बाया येऊन बघत बसायच्या. सिनेमापेक्षा बरं, असं एक म्हातारी म्हणायची.

गेल्या वर्षी आईच्या पायांवर सूज आली, चालताना धाप लागायला लागली. ब्रह्मपुरीत दाखवलं, मग मीच तिला माझ्याकडे दवाखान्यात घेऊन आलो. मॅडमनी तपासलं आणि हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. आईने ते साऱ्या वॉर्डाला सांगितलं. "मोठंच व्हतं माहं, यायले आता समजलं." मॅडम हसल्या. मला बाहेर बोलावून त्यांनी जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. औषधांनी काही दिवस काढता येतील, पण बरं होणार नाही. मी भावाला लिहून कळवलं. त्याने उत्तर दिलं की रविवारी येतो, आणि आला. एक दिवस तिच्या खाटेशी बसून दोघं हातांनी काय काय बोलले देव जाणे. शेजारच्या खाटेवरची माडिया बाई त्यांच्याकडे बघून तिच्या सुनेला गोंडीत काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. कारखान्यात शेडचं मोठं काम होतं, म्हणून तो परत गेला.

त्यानंतर रोजचा कॉल वॉर्डाच्या वायफायवर. सकाळी चित्र बरं यायचं. संध्याकाळी पडव्यांमध्ये चुली पेटल्या, माणसं मोबाइल घेऊन बसली की ते गोठायचं, तुटायचं, चौकोन चौकोन व्हायचं. भावाचा हात इथून उठायचा आणि एकदम तिथे दिसायचा, मधलं सगळं गायब. आई चिडायची. गावच्यापेक्षा इथलं नेट खराब, आणि म्हणे पोरगा इथला साहेब. मी तिला सांगितलं की सकाळी बोलत जा. नियम मी बदलला नाही. एका आईसाठी बदलला तर उद्या पडवीतला प्रत्येक जण दाराशी येईल, आणि त्यांचं म्हणणं चूक नसेल.

श्रावणात पावसाने झड लावली ती काही थांबेना. आईचं दुखणं त्याच दिवसांत वाढलं. तिला बसून झोपावं लागायचं, बोलायला दम पुरायचा नाही. डाव्या हाताला सलाइन होतं, सुई निघू नये म्हणून हाताखाली पुठ्ठा ठेवून पट्टीने बांधलेला. मॅडम म्हणाल्या, भावाला बोलवून घ्या. तो त्याच दिवशी निघाला, चंद्रपूरहून बसने आलापल्लीपर्यंत आला आणि तिथे अडकला. पुढच्या नाल्यावर पुलावरून पाणी चाललं होतं. बस नाही, जीप नाही, पोलीस कुणाला सोडत नव्हते. तो एका चहाच्या हॉटेलात बसून राहिला. तिथून मला लिहून कळवायचा. पाणी उतरलं नाही. अजून उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला जरा हुशारी वाटली. डोळे उघडले, पेज घेतली. मला म्हणाली, "लाव त्याले. काऊन आला नाई, इच्यारतो." मी तिला पुराचं सांगितलं होतं, तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी कॉल लावला आणि मोबाइल तिच्या समोर धरून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. माठाला टेकवण्यासारखं तिथे काही नव्हतं. भाऊ दिसला. हॉटेलाच्या पत्र्याखाली, अंगावर ओला शर्ट, दाढी वाढलेली. त्याने कपाळाला बोट लावलं, मी आहे म्हणून. आणि तिथेच तो गोठला.

मला काय झालं असेल ते लगेच कळलं. सकाळपासून एका उपकेंद्रात एक बाळंतीण अडली होती. नाल्यांमुळे तिला इकडे आणता येत नव्हतं आणि नर्सला इथून मॅडम स्क्रीनवर सांगत होत्या. पावसाने लाइन आधीच अर्धी झालेली, त्यात पहिल्या रांगेला जेवढं लागेल तेवढं ती घेणार. तसंच ठरवलं होतं. उरलंसुरलं म्हणून जे काही उरलं असेल त्यात पूर बघायला बसलेल्या साऱ्या पडव्या, आणि त्यांच्यात आम्ही.

आईला हे कळलं नाही. तिला समोर भाऊ दिसत होता, कपाळाला बोट लावून तिच्याकडे बघत असलेला.

"पाह्य," ती मला म्हणाली, "कसा एकटक पाहून राह्यला माह्याकडं."

मी तिला सांगितलं नाही की तो पाहत नाहीये, ते नुसतं अडकलेलं चित्र आहे. काय सांगणार होतो? तिने त्या चित्राकडे बघत उजवा हात उचलला. तो हात उचलायला तिला किती कष्ट पडले ते मी पाहिलं. तिने तो डाव्या मनगटावर नेला, पट्टीवर, आणि हळूहळू फिरवला. एकदा, मग पुन्हा. दोरी गुंडाळल्यासारखा. मग उजवा हात मांडीवर पडला. डावा हात पुठ्ठ्यावर बांधलेला. मी वाट पाहत राहिलो. तिने डोळे मिटले.

मी मोबाइल नर्सच्या हातात दिला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे गेलो. माझ्या पिशवीत लॅपटॉप होता. राऊटरमध्ये एक ओळ लिहायची होती, माझ्या मोबाइलला वरच्या रांगेत घालणारी. हातातलं काम होतं. पण ती ओळ लिहिली की जो हिस्सा आम्हाला मिळणार तो कुणाचा तरी जाणार, आणि कुणाचा ते मला पाठ होतं. मी दारातून मॅडमना विचारलं. आई जागी आहे, भाऊ पलीकडे आहे, थोडा वेळ चित्र मिळालं तर. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. स्क्रीनवर नर्सची पाठ दिसत होती आणि एक बाई कण्हत होती.

"थोडं थांबा, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "बाळ येऊ द्या."

मी थांबलो. माझ्या जागी दुसरा कुणी आला असता तर मीही त्याला हेच सांगितलं असतं, बहुधा यापेक्षा तिरसटपणे. ते बरोबर होतं. आजही मला बरोबर वाटतं. आणि आजही, रांगेचे आकडे बघताना मधूनच, मला त्याचा असा राग येतो की लॅपटॉप मिटून बाहेर जावं लागतं. कुणाचा राग ते मला सांगता येत नाही. त्या बाळंतिणीचा तर नक्कीच नाही.

मुलगी झाली. बाळ रडलं ते मला दाराबाहेर ऐकू आलं, अगदी स्वच्छ. पहिल्या रांगेतलं होतं ना. लाइन मोकळी झाली आणि भावाचं चित्र आरशासारखं आलं. त्याच्या मागच्या बरण्यांमधली बिस्किटंसुद्धा दिसत होती. पण आई झोपली होती. मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. भावाने हातांनी विचारलं, उठव का? मग स्वतःच नको म्हणाला. दिवसभर मी अधूनमधून चार्जर लावून तो कॉल सुरू ठेवला. तो तिकडून तिला बघत बसला होता. दुपारनंतर तिचा श्वास लांबत गेला आणि थांबला. नर्सने नाडी पाहिली, मॅडम आल्या. पलीकडे भाऊ उभा राहिला होता. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. एका नातेवाइकाने मला हळूच म्हटलं की आता फोन बंद करा. मी केला नाही.

पाणी उतरलं तेव्हा तो आला. आम्ही आईला गावी नेलं, नदीवर जे करायचं ते केलं. त्या दिवसांत भाऊ माझ्याशी फारसा बोलला नाही. मला वाटत होतं तो नेटवर्कवरून मला काहीतरी म्हणेल. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी भाऊ वडिलांचं जुनं जाळं घेऊन पाळीवर बसला होता, उगाच फाटलेलं विणत. मी जाऊन शेजारी बसलो. तलाव काठोकाठ भरला होता आणि पलीकडे बांध्यांमध्ये धान हिरवंगार उभं होतं. थोड्या वेळाने त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळून उजवा हात डाव्या मनगटाभोवती अर्धा फिरवला. तिथेच थांबवला. मग मला कळलं. त्याच्या मोबाइलवर एवढंच आलं होतं. तुटक्या लाइनीवरून कसाबसा एक तुकडा पोचला होता, आईचा हात मनगटावर, तोही धुरकट, आणि तिथे चित्र अडकलं. ते तसंच बराच वेळ त्याच्या समोर राहिलं होतं. तो मला विचारत होता की पुढे काय केलं तिने. पलीकडे जा, की घरी ये?

तो माझ्या धंद्यातला प्रश्न विचारत होता. निघालं होतं का, आणि निघालं असेल तर ते काय होतं. त्याची खात्री होती की निघालं होतं आणि वाटेत पडलं. वाटेत काय झालं ते मला तुकड्यानिशी माहीत होतं. पण मी समोर उभा होतो आणि माझ्यासमोर तर काहीच झालं नव्हतं. हात फिरला आणि मांडीवर पडला. दुसरा अर्धा आलाच नाही. हे त्याला कसं सांगायचं? पुढचं सगळं आयुष्य तो डोंग्यात हात थांबवून बसणार.

मी हात छातीशी नेला. घरी ये.

तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी उजवा हात नेला होता. ती खूण आईने कधीही उजव्या हाताने केली नव्हती, तशी करताच येत नाही, उजव्या हातात गुंडाळलेली दोरी असते. भावाने मान हलवली. रागाने नाही. लहानपणी माझी एखादी खूण चुकली की हलवायचा तशी. आणि आपला डावा हात वर करून दाखवला. हा. हा कुठे होता?

मग मी त्याला खरं सांगितलं. डावा बांधलेला होता, पुठ्ठ्यावर, पट्टीने. उचलताच येत नव्हता. तिने दोरी गुंडाळली आणि थांबली. पुढे काही केलं नाही. मी माझा डावा हात गुडघ्यावर पालथा ठेवून दाखवला, असा होता. आणि ठेवता ठेवता मला आठवलं की तो हात अगदीच निपचित नव्हता. बोटं हलली होती. जराशी. मी ते पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, सुई टोचत असेल म्हणून.

भाऊ एकदम पुढे सरकला. कशी हलली, त्याने विचारलं. मी दोन बोटं हलवून दाखवली. त्याला ते पटलं नाही. पुन्हा कर. मी पुन्हा केलं. हळू. आठव नीट. मी डोळे मिटले, ती खाट, ती पट्टी, ते पिवळट नख डोळ्यांसमोर आणलं आणि जशी आठवली तशी बोटं हलवली. करंगळीकडून आत, माझ्याकडे, म्हणजे तिच्याकडे. इतकुशी. भाऊ माझ्या बोटांवर डोळे रोखून बसला होता, पाण्यात मासा हलताना बघावं तसा.

मग तो सैल पडला. त्याने आपला डावा हात उचलला, सावकाश छातीशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. तो रडत होता आणि मला मानेनेच हो, हो, म्हणून सांगत होता.

त्यानंतर मी मॅडमशी बोलून वॉर्डातल्या कॉलच्या चित्रासाठी थोडा हिस्सा राखून ठेवला आहे. फार नाही, एका वेळी एखाद्याला पुरेल एवढा. कुणाचं काही अडलेलं नाही. कामाचा माणूस म्हणून मला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

पण त्या सकाळी निघालं होतं. बांधलेल्या हाताच्या बोटांतून जेवढं निघू शकतं तेवढं निघालं होतं. ते वाचता येणारा एकच माणूस होता, तो नाल्यापलीकडे गोठलेल्या चित्राकडे बघत बसला होता, आणि तिच्यासमोर मी होतो.